यंत्राचा राग

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. मुकुंदवाडीत आमच्या गायनवृंदाची तालीम नुकतीच आटोपली होती. पेटी खोक्यात गेली होती, कोणी चहाचे पेले गोळा करीत होते. आमचा कीबोर्ड वाजवणारा तरुण चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहे, तो जवळ येऊन म्हणाला, "सर, पाच मिनिटं थांबा. एक ऐकवायचंय." त्याने मोबाइलला लहानसा स्पीकर जोडला आणि ललत सुरू झाला. ललतच होता, शंका नको. दोन्ही मध्यम एकापुढे एक येऊन उभे राहिले की दुसरे काय असणार? पण साथीला तबला नव्हता, सारंगी नव्हती. खाली विजेच्या वाद्यातील मंद्र स्वरांची एक साखळी अखंड फिरत होती आणि तालाच्या जागी डिस्कोचा सरळसोट ठोका पडत होता.

आमच्या पेटीवादक गुरुजींनी या भागातल्या दोन पिढ्यांना सूर दिला आहे. ते अर्ध्या मिनिटातच म्हणाले, "बंद कर रे बाबा. हे यंत्राचं काम. यात राग कुठला आला?" त्यावर पुण्याहून सुट्टीवर आलेला, संगणकाच्या नोकरीतला दुसरा तरुण उसळून म्हणाला, "काका, लंडनच्या पेपरांनी या माणसाला डोक्यावर घेतलंय! शिकागोच्या पाच वर्षं आधी त्यानं मुंबईत हे शोधून काढलं!" वाद रंगला. वादाच्या भरात स्पीकर बंद झाला तो झालाच. ललत कोणीच पुरा ऐकला नाही.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. गुरुजींविषयी मनात आदर आहे आणि त्या तरुणाविषयी कौतुक. तरीही म्हणतो की दोघांनीही एकच चूक केली. एकाने यंत्र पाहिले आणि कान मिटले. दुसऱ्याने प्रशस्तिपत्र पाहिले आणि कान मिटले. आणि हा केवळ आमच्या तालमीच्या खोलीतला प्रकार नाही. त्या ध्वनिमुद्रिकेच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात याहून निराळे फारसे काही घडलेले नाही.

ती ध्वनिमुद्रिका म्हणजे चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती १९८२ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झाली आणि एचएमव्हीच्या नावाने बाजारात आली. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवले. बास गिटार, हवाईयन गिटार, नवनवी विजेची वाद्ये, जे हाताला येईल ते. सिंगापूरहून आणलेली रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांच्यापाशी होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र, आणि टीबी-३०३ नावाचे एक चांदीच्या रंगाचे लहान खोके. हे खोके मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून तयार केले होते. त्या कामात ते कोणाला पटले नाही आणि १९८४ पर्यंत कंपनीने त्याचे उत्पादन थांबवलेही.

ते दिवस डिस्कोचे होते. 'कुर्बानी' १९८०ची, 'डिस्को दीवाने' १९८१ची, 'डिस्को डान्सर' १९८२ची. आजूबाजूला सर्वत्र डिस्कोच वाजतो आहे तर त्याच ठोक्यावर राग वाजवून पाहू, तबल्याला या वेळी रजा देऊ, एवढीच आपली कल्पना होती, असे चरणजित सिंग पुढे मुलाखतींतून सांगत. शोध लावल्याचा आव त्यांनी आणला नाही. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटे. रेकॉर्ड खपली नाही. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ती डिस्को वाटली आणि नाचणाऱ्याला ती राग वाटली असावी. वीस वर्षे ती जुन्या रेकॉर्डांच्या ढिगात पडून राहिली.

२००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, आणि २०१० मध्ये त्याने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. मग एकच गहजब झाला. कारण असे की १९८७ साली शिकागोतील 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटाने हेच टाकून दिलेले टीबी-३०३ खोके घेऊन, त्याच्या कळा पिळून पिळून, 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाची एक ध्वनिमुद्रिका काढली होती. नृत्यगृहांतून वाजणाऱ्या 'अ‍ॅसिड हाउस' या संगीतप्रकाराची सुरुवात तेथून मानतात. आता मुंबईतल्या एका वादकाने तेच यंत्र, तसाच ठोका, पाच वर्षे आधी वापरलेला पाहून पाश्चात्त्य समीक्षक चक्रावले. काहींना तर ही थट्टाच वाटली; एखाद्या नामांकित इंग्रज संगीतकाराने खोट्या नावाने हे करून जुनी तारीख चिकटवली असावी, असा संशय घेतला गेला. संशय फिटल्यावर कौतुकाला पूर आला. लंडनच्या 'गार्डियन'ने २०११ साली त्यांच्यावर लेख छापला तो अ‍ॅसिड हाउसचा अजाणता शोध लावणारा माणूस म्हणून. उतारवयात चरणजित सिंग यांना युरोपातील मंचांवर वाजवण्याची निमंत्रणे आली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

म्हातारपणी त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण टाळ्या कशासाठी होत्या हे विचारायला हवे. दहा रागांच्या रेकॉर्डवर जे लिहिले गेले, त्यातले माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेखन शिकागोची तारीख आणि मुंबईची तारीख यांची वजाबाकी करण्यात खर्ची पडले आहे. तोडी कशी वाजली? मालकंसात काय साधले, काय हुकले? याबद्दल अवाक्षर नाही. शर्यतीत घोडा पहिला आला की त्याची चाल कोणी पाहत नाही. आणि ही शर्यत तरी खरी होती काय? शिकागोच्या त्या तरुणांनी चरणजित सिंगांची रेकॉर्ड ऐकली होती, याला कोणताही आधार नाही. हाउस संगीत हे शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी, गोऱ्या समाजाने दूर लोटलेल्या माणसांनी, आपल्या रात्रींसाठी निर्माण केले. त्यांचे श्रेय हिसकावून ते मुंबईच्या पदरात टाकणे हा देशाभिमान नव्हे. ती एक क्षुद्र चोरी आहे, आणि ज्याच्यासाठी केली त्यानेही ती मागितली नव्हती.

आता गुरुजींकडे वळतो. यंत्राने राग वाजत नाही, हे त्यांचे म्हणणे. गुरुजी, आपण हे वाक्य पेटीच्या भात्यावर हात ठेवून बोललात! हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेन यांनी घेतले. आपल्याकडे ती पाहुणी म्हणून आली, संगीत नाटकांत तिने पायपेटीच्या रूपाने ठाण मांडले, गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाच्या हाती ती बोलू लागली. आणि तरीही १९४० साली आकाशवाणीने तिला हद्दपार केले. आरोप कोणता? तेच : हे ठरावीक पट्ट्यांचे यंत्र आहे, याला मींड येत नाही, याला श्रुती ठाऊक नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या तीस वर्षांत घराघरांतून, देवळा-चर्चमधून पेटी वाजतच होती.

आपल्या ख्रिस्तसभेचाही अनुभव निराळा नाही. संत सिसिलियाच्या सणादिवशी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, दहावे पायस या पोपमहोदयांनी काढलेल्या संगीतविषयक आज्ञापत्रात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई होती, आणि ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांनाही. साठ वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या घोषणापत्रात नळ्यांच्या ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना, ती पवित्र कार्यास साजेशी असतील तर, दार उघडले. म्हणूनच आज मुकुंदवाडीत मिस्साच्या वेळी ढोलकी वाजते. आणि तो मानाचा ऑर्गन तरी कोण? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका यंत्रकाराने पाण्याच्या दाबावर चालणारे जे यंत्र केले, त्याचाच तो वंशज. रोमच्या आखाड्यांत झुंजींच्या वेळी तो वाजे. वेदीजवळ यायला त्याला काही शतके लागली. माझे म्हणणे एवढेच की वाद्य हे जन्माने शुद्ध वा अशुद्ध नसते, आणि 'यंत्र' हा शब्द उच्चारून ऐकण्याच्या कष्टातून सुटका करून घेता येत नाही.

ऐकण्याचे कष्ट मी घेतले. डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर दहाही राग, अनेक वेळा, कधी पहाटे, कधी मुकुंदवाडी स्थानकावरून शेवटची गाडी धडधडत गेल्यावर. जे हाती लागले ते असे.

टीबी-३०३ या खोक्यात एका वेळी सोळा घरे भरता येतात. प्रत्येक घरात एक स्वर. सोळा घरे संपली की फिरून पहिले घर. सोळा म्हटले की आपल्याला काय आठवते? त्रिताल. त्यामुळे प्रथम कानाला एक ओळखीचा भास होतो, की हा लेहराच फिरतो आहे आणि वर कोणी तबलजी स्वतंत्र वाजवणार आहे. पण भास लवकर फिटतो, कारण डिस्कोच्या ठोक्याला खाली नाही. चारही ठोके भरीव, चारही सारख्या वजनाचे. जेथे खाली नाही तेथे समेची ओढ कोठून यावी? सम ही वाट पाहण्याने सम होते. चरणजित सिंगांच्या या प्रयोगातील सर्वांत मोठी उणीव माझ्या मते ही आहे. तबला गेला याचे दुःख नाही, तबल्याबरोबर खाली गेली याचे आहे. हे त्यांना १९८२ साली कोणीतरी सांगायला हवे होते. कदाचित त्यांनी दुसरी रेकॉर्ड करताना सोळांतले चार ठोके मुके ठेवले असते.

दुसरी गोष्ट मींडेची, आणि येथे गुरुजींना चकित करणारा प्रकार आहे. पेटीला जे कधीच जमले नाही ते या खोक्याला जमते : एका घरातील स्वर दुसऱ्या घरातील स्वरात घसरत नेण्याची सोय त्यात आहे. मात्र घसरण्याचा वेळ यंत्राने ठरवलेला. गवयाप्रमाणे तो लांबवता येत नाही. म्हणजे मींड आहे, पण तिला मन नाही. ज्युपिटर-८ वर मुख्य स्वरावली वाजते, तेथे हात मोकळा आहे आणि चरणजित सिंगांच्या बोटांत चित्रपटसंगीताने दिलेली सफाई आहे. तरी पट्ट्या समान अंतराने बसवलेल्याच. तोडीचा तो खालच्या बाजूला कललेला, जीव कासावीस करणारा गंधार तिथे नाही. तोडी म्हणूनच फसली आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी या चौघांत पाचच स्वर. तेथे यंत्राला जागा मिळते, स्वरांमधले मोठे अंतर ठोक्याला पेलते, आणि मालकंसात तर खोलवर काही हलते.

एक निरीक्षण धाडस करून मांडतो. टीबी-३०३ ची कळ हळूहळू फिरवली की स्वर तोच राहतो आणि त्याचा रंग बदलतो. बंद तोंडाचा स्वर उघडत जावा तसे त्यातले अनुनाद एकेक करून वर येतात. शिकागोकरांना यात धुंदी दिसली. मला दिसला तो तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, जवारीचा दोरा सरकवणारा हात. जो माणूस तंबोऱ्याच्या सहवासात वाढला, त्याला या खोक्यातली ती गंमत परकी का वाटावी?

आणि रागांचा क्रम! आपल्या मैफिलीची सांगता जिने होते ती भैरवी या रेकॉर्डच्या अगदी आरंभी आहे. लगेच पहाटेचा ललत, त्याला लागून रात्रीच्या पहिल्या प्रहराचा भूपाली. हे अज्ञान म्हणावे, तर रागांची निवड करणारा माणूस अज्ञानी वाटत नाही. मग बंडखोरी? की रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला पहिल्याच क्षणी ओळखीचा सूर ऐकवण्याची बाजारी हुशारी? मी अनेकदा उलटसुलट विचार केला. त्यांना हे विचारायला हवे होते. ते २०१५ पर्यंत मुंबईतच होते, आणि मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

विचारले असते तर विचारण्याची साधने मराठीत होती. केशवराव भोळे हे 'प्रभात'चे संगीतकार, पियानो आणि हवाईयन गिटार चित्रपटगीतांत आणणारे, आणि तेच शास्त्रीय गायकांवर मर्मग्राही समीक्षा लिहिणारे. अशोक रानडे यांनी तर चित्रपटगीताला अभ्यासाचा विषय मानून संगीतशास्त्राच्या दालनात सन्मानाने बसवले. अशी परंपरा असताना या दहा रागांचे सविस्तर मराठी परीक्षण माझ्या पाहण्यात आलेले नाही. वादक चित्रपटाच्या वाद्यवृंदातला, म्हणजे 'साथीदार'; साथीदाराने स्वतःचे काही म्हणायचे असते हेच आम्हाला मान्य नाही.

या बाबतीत आपल्या समाजाने तरी जागे असायला हवे होते. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद ज्यांनी उभा केला त्यांत गोव्याचे कॅथोलिक वादक किती होते! सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट... त्यांच्यापैकीच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. चर्चच्या संगीतात वाढलेल्या या व्हायोलिनवादकाने रागांवर आधारित वाद्यवृंदरचना केल्या आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक उभे करून त्या ऐकवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. पुढे ते अमेरिकेला गेले, नंतर गोव्यात परतले आणि २०१२ मध्ये निवर्तले. आज त्यांचे नाव देशाला माहीत आहे ते कशामुळे? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात ते गुंफले म्हणून. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत त्या गाण्यावर आपणही नाचतो. ते नाव कोणाचे, हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसते.

अहमदाबादची कथा याच जातीची. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभारली. गीता साराभाई आणि इतर काही भारतीयांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटनमधील कलावंताने त्या शोधल्या, आणि २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला, तोही परदेशातून. दोनदा असे घडल्यावर त्याला योगायोग म्हणवत नाही.

आता आमच्या त्या कीबोर्डवाल्या तरुणाबद्दल. त्याने ती रेकॉर्ड सहज ऐकवली नव्हती, हे मला नंतर कळले. रात्रपाळीहून आल्यावर तो आपल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, संगणकावर काहीतरी जुळवत असतो. उपासकाळातील एका जुन्या भजनाच्या चालीखाली त्याने अशीच एक सोळा घरांची साखळी ठेवली आहे. ती आम्हाला ऐकवावी की नाही याचा अंदाज घेण्यासाठी त्याने आधी चरणजित सिंगांना पुढे केले होते. आणि त्याने काय ऐकले? एकाकडून, हे यंत्राचे काम. दुसऱ्याकडून, लंडनचे पेपर. त्याने स्पीकर पिशवीत टाकला आणि निघून गेला.

जानेवारीत मी त्याच्या घरी गेलो. गुरुजींनाही आग्रहाने बरोबर नेले. जिना चढताना ते कुरकुरत होते. त्याने भजन लावले. गुरुजी डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसले होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नवव्या मात्रेवरचा तो ठोका काढ. तिथं खाली आहे." मुलाने संगणकाकडे वळून तो ठोका पुसला आणि भजन पुन्हा सुरुवातीपासून लावले.